औषध घेतलं का?

आर्णी

आर्णीत पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी माझी फजिती झाली. कोल्हापूरहून धामणगावपर्यंत रेल्वे आणि पुढे दोन एसट्या, एवढ्या हादऱ्यांनी डोकं ठणकत होतं. माझी मावसबहीण सुमन अंघोळीला गेलेली पाहून मी एकटीच गोळी आणायला बाहेर पडले. मोटारसायकल पुसत उभ्या असलेल्या एका गृहस्थांना विचारलं, "औषधाचं दुकान कुठे आहे हो?" त्यांनी समोरच बोट दाखवलं. आत शिरले तर भिंतीवर कपाशीची चित्रं, चित्रांत मनगटाएवढ्या जाड अळ्या, आणि फळ्यांवर रंगीबेरंगी बाटल्या. गल्ल्यावरच्या माणसाने मान वर न करता विचारलं, "कोनत्या पिकाले पाह्यजे जी?"

"पिकाला नको, डोक्याला हवंय," मी म्हटलं.

दुकानात बसलेल्या चौघांनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग जी हसायला सुरुवात केली ती थांबेचना. "मंग मेडिकलमधी जा ना बाई," तो माणूस डोळे पुसत म्हणाला. "हे औषधाचं दुकान होय."

औषध मारतात आमच्याकडेही. वांग्यावर मारतात, द्राक्षावर मारतात. पण नुसतं 'औषध' म्हटलं की आमच्या मनात आधी माणूस येतो. इथे आधी कपाशी येते. माणसाचं जे असतं ते 'मेडिकलमधलं'. सुमनने हे ऐकून मला दिवसभर छळलं. येणाऱ्या प्रत्येकाला "ही आमची ताई, डोक्यावर फवारा मारायले आली" अशी ओळख करून दिली. परत गेल्यावर हा किस्सा रंगवून सांगायचा, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं. आज सांगते आहे, पण रंगवायची इच्छा राहिलेली नाही.

मी जन्मभर एका छापखान्यात मुद्रितं तपासली. चुकीचा शब्द दिसला की माझं डोकं फिरतं, आणि एकदा फिरलं की लवकर जागेवर येत नाही. घरचे म्हणतात, हिला राग आला की हिच्या डोक्यावरच पोळी टाकायची, भाजून निघेल. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर कोणी दचकायला नको.

दसरा नुकताच झाला होता. ती कापसाची वाईट वर्षं होती. बोंडअळीने शेतं पोखरली होती, आणि अळी मरेना म्हणून लोक फवारे वाढवत होते. कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली. रस्त्याने जाताना शेतात माणूस दिसतच नसे. नुसता पंपाचा आवाज यायचा आणि पानांवरून धुकं उठल्यासारखं दिसायचं. सुमनचे यजमान, ज्यांना मी भाऊजी म्हणते, कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे रोज कोणी ना कोणी अर्ज कसा लिहायचा ते विचारायला येई. सुमन पाटवडीचा रस्सा करायची, आणि कोल्हापूरच्या तिखटाचा माझा सगळा तोरा पहिल्या घासालाच उतरायचा. मी पाणी पीत बसायचे आणि समोर अर्जवाल्यांची ये-जा चालू असायची.

नजमा त्यांतलीच एक. आठवडी बाजाराच्या दिवशी गावाकडून आली. तिशीची असेल. ओसरीच्या पायरीवर बसली, वर यायला तयार होईना. भाऊजींनी तिची हकिकत आधी ऐकलेली होती. मी नवी, म्हणून तिने पुन्हा सांगितली.

तिचा नवरा रहीम दुसऱ्यांच्या वावरांत फवारणीला जायचा. भादव्यात एके दिवशी दुपारी घरी आला तो डोळे चोळत. काही दिसत नाही म्हणाला. मग उलट्या सुरू झाल्या. गावातल्या डॉक्टरने गोळ्या दिल्या, त्या तिने स्वतः त्याला पाण्याबरोबर दिल्या. संध्याकाळी त्याची शुद्ध हरपली तेव्हा जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. तिथे टेबलावरच्या माणसाने लिहिता लिहिता विचारलं, "औषध घेतलं का?"

"मी म्हनलं, हो जी, घेतलं." नजमा माझ्याकडे पाहात होती. "मले वाटलं, गोळ्या घेतल्या का म्हनून इचारून राह्यला. डॉक्टरनं देल्या होत्या ना. मी हो म्हनलं. अन् त्यानं लिवलं, औषध पेला म्हनून."

रहीम वाचला नाही. कागदावर त्याने जीव दिला. तिच्या एका 'हो'वर.

"आमच्यात तो लय मोठा गुनाह हाय, ताई," ती म्हणाली. "लोक तोंडावर बोलत नाही. पन पोरीले शाळेत म्हनते, तुह्या बापानं औषध घेतलं. ते कागदावरून निघाले पाह्यजे. मले बाकी काही नोको. मीच हो म्हनली, आता मीच ते काहाडन."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, दारात माणूस ओकतोय, त्याच्या अंगाला फवाऱ्याचा वास येतोय, शर्ट हिरवा-निळा झालाय, आणि तुम्हाला एक प्रश्न जास्तीचा विचारवत नाही? कोणतं औषध, मारताना की पिऊन, एवढं विचारायला किती वेळ लागतो? टेबलावरचा माणूस काही परदेशातून आलेला नव्हता. औषध म्हणजे काय आणि घेणं म्हणजे काय, हे त्याला माहीत होतं. तिलाही माहीत होतं, पण त्या घटकेला तिच्या डोळ्यांपुढे गोळ्यांची पुडी होती. छापखान्यात एका अक्षराचा खिळा चुकला तरी आम्ही पान थांबवत असू.

भाऊजी म्हणाले, "ताई, आता त्यात काही होणार नाही. ज्याच्या वावरात तो होता, तो देवरावच म्हणतो की माझ्याकडे फवारणी नव्हती. साक्षीदार कोण?" आणि पान लावायला लागले. ते पानही मला सहन झालं नाही.

नजमा म्हणाली, "चौकशीचा एक साहेब शनिवारी गावात येनार हाय. मशिदीतल्या हाफीजजीनं अन् देवळातल्या बापूजीनं मिळून अर्ज देला होता."

"मी येते," मी म्हटलं. सुमनने कपाळावर हात मारला आणि माझी पिशवी भरायला घेतली.

शुक्रवार, गावात

गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. तिथल्या माणसांना अजून तिथेच राहायचं आहे.

वाटेत एका शेताच्या कोपऱ्यात बाया गोळा झालेल्या दिसल्या. सोबतच्या नजमाने सांगितलं, सीतादही चाललं आहे. कापसाची पहिली वेचणी सुरू करायच्या आधी वावराच्या मालकिणीने दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, झाडांवर दही शिंपडायचं, आणि मग पहिलं बोंड वेचायचं. आमच्याकडे उसाला पहिला कोयता लावताना असं कोणी करत नाही, निदान मी पाहिलेलं नाही. तो पांढऱ्यावर पांढरा शिडकावा मला फार सुंदर वाटला. नजमा म्हणाली, "देवरावच्या वावरात अजून झालं नाही. इंदूबाई करूनच नाही राह्यली." इंदूबाई ही देवरावची बायको.

गावात एक लहानशी मशीद आणि चार घरं सोडून एक देऊळ. मशिदीचे इमाम हाफीजजी सडपातळ, दाढी पांढरी, आवाज मऊ. देवळातल्या भजनी मंडळाचे प्रमुख बापूजी, अंगाने रुंद, ऐकायला कमी येतं म्हणून सगळ्यांवर ओरडतात. दोघे एका वर्गात शिकलेले, आणि अजून वर्गातल्यासारखेच भांडतात. मी गेले तेव्हा बापूजी चहाच्या कपावरून हाफीजजींना झापत होते.

रहीमचा धाकटा भाऊ आसिफ आर्णीत गॅरेजमध्ये कामाला. तोही आला होता, डोळे लाल. माती दिली त्या दिवशीच तो आणि त्याचे दोस्त औषधाचं दुकान फोडायला निघाले होते. दोन जहाल बाटल्या एकत्र करून मारा, असं त्या दुकानदारानेच सांगितलं होतं म्हणे. हाफीजजी त्यांच्या वाटेत आडवे बसले. उभे नव्हे, रस्त्यात मांडी घालून बसले. मग बापूजी आले, तेही शेजारी बसले.

"मी असते तर आसिफबरोबर गेले असते," मी म्हटलं. मनापासून म्हटलं.

हाफीजजी हसले नाहीत. "दुकान फोडलं असतं तर काय झालं असतं बहनजी? आसिफचं नाव कागदावर आलं असतं, दंगलवाला म्हनून. रहीमचं तसंच राह्यलं असतं. आमाले एक नाव पुसाचं हाय. दुसरं कायले लिवून द्याचं?"

त्यांचं म्हणणं पटलं, त्यामुळे मी आणखीच चिडले.

जुम्म्याची नमाज झाली. बाया शेजारच्या घराच्या अंगणात बसल्या होत्या, मी त्यांच्यात. भिंतीपलीकडून हाफीजजींचा आवाज स्पष्ट येत होता. अर्धं हिंदी, अर्धं वऱ्हाडी. ते म्हणाले, गवाही छुपाना गुनाह है, हे सगळ्यायले मालूम हाय. ज्यानं पाह्यलं त्यानं सांगाचं. ज्यानं नाही पाह्यलं त्यानं उगाच सांगाचं नाही, रहीम आपला होता म्हनूनबी नाही. उद्या कोनी हात उचलाचा नाही, कोनी घोषना द्याची नाही. ग्रामपंचायत आपली हाय, साहेब आपला नोकर हाय, त्याच्यासमोर बसून खरं सांगनं हा आपला हक हाय अन् आपलं फर्जबी हाय.

संध्याकाळी देवळापुढे सामुदायिक प्रार्थना. पांढरी सतरंजी, सरळ रांगा, सगळे डोळे मिटून गप्प. मग खंजिरीवर भजन. भजन संपल्यावर बापूजी उभे राहिले आणि त्यांच्या नेहमीच्या ओरडण्यात म्हणाले, "आपन इथं रोज डोये मिटून बसतो. चांगलं हाय. पन रहीमच्या वेळी सारं गावच डोये मिटून बसलं. उद्या उघडाचे. वेचनी एक दिवस राहू द्या. पंचायतीसमोर जसे इथं बसता तसेच बसाचं."

शेवटच्या रांगेत देवराव होता. तो मान खाली घालून सतरंजीचा दोरा ओढत बसला होता. त्याला पाहून माझ्या मनात काय काय आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण खरं सांगायचं तर तो माणूस दुष्ट दिसत नव्हता. घाबरलेला होता. माझ्या वावरात मेला म्हटलं तर पोलीस मलाच धरतील, एवढंच त्याच्या डोक्यात बसलेलं. ज्या कचेऱ्यांनी लोकांच्या मनात ही भीती घातली त्यांचा मला जास्त राग आला.

नजमाकडे जेवले. ज्वारीची भाकर, तुरीच्या डाळीचं वरण, ठेचा. जेवण झाल्यावर तिने विचारलं, "ताई, तुमी चुकीचे शब्द काहाडाचं काम करत होत्या म्हने. कसे काहाडता?"

मी चुलीजवळच्या राखेत बोटाने दाखवलं. शब्दावर आडवी रेघ मारायची, आणि समासात अशी वेटोळी, शेपूट बाहेर काढून. ही खूण पाहिली की अक्षरं जुळवणारा जुळारी तो शब्द काढूनच टाकतो, का म्हणून विचारत नाही.

"हे तं जिलबी हाय," नजमा म्हणाली. तिला मराठी वाचता येत नव्हतं, उर्दू चौथीपर्यंत झालेली. पण वेटोळी तिने पहिल्याच खेपेला माझ्यापेक्षा गोल काढली. मग पुन्हा काढली, आणि पुन्हा. राखेत जागा उरली नाही तेव्हा थांबली.

ग्रामपंचायतीसमोर

शनिवारी साहेब आले ते उशिरा, आणि आल्या आल्या त्यांनी कपाळाला आठी घातली. पंचायतीसमोर अख्खं गाव बसलेलं होतं. डाव्या बाजूला मशिदीतली मंडळी, उजव्या बाजूला भजनवाले, मधे बाया. थोड्याच वेळात उन्हामुळे सगळे एकाच लिंबाच्या सावलीत सरकले आणि डावं-उजवं काही राहिलं नाही. कोणी बोलत नव्हतं. घोषणा असत्या तर साहेबांना त्या सवयीच्या असत्या. ही शांतता त्यांना सोसवेना.

"बोला की कोणीतरी! वेळ आहे का मला?"

"ज्यानं पाह्यलं तो बोलन साहेब," हाफीजजी म्हणाले. "आमी थांबतो."

साहेबांनी देवरावला विचारलं. देवराव म्हणाला, त्याला काही आठवत नाही. साहेब कारकुनाला म्हणाले, "लिहा, साक्षीदार नाही." मग नजमाकडे वळून, "बाई, दवाखान्यात तुम्हीच सांगितलंत ना, औषध घेतलं म्हणून? आता फिरवताय का? आणि फवारणी करत होता म्हणता, तर तोंडाला काही बांधलं का नव्हतं?"

मी उठलेच. काय बोलले ते नीट आठवत नाही. ही बाई शब्द फिरवत नाही, तुम्ही लोकांनी तो उलटा ऐकला, असं काहीसं. पुढे आणखी बरंच तोंडात तयार होतं. बापूजींनी माझ्या पदराला हात न लावता, नुसतं काठीने जमिनीवर दोनदा ठोकून मला खाली बसायला लावलं. हळू आवाजात बोलता येत नसल्यामुळे त्यांचं सांगणं साऱ्या गावाने ऐकलं. "बाई, बसा! तुमी भांडल्या तं साहेबाले तुमच्याशी भांडाले भेटन, अन् तो सुटून जाईन!"

मी बसले. अपमान वाटला, आणि त्यांचं बरोबर आहे हेही कळलं. दोन्ही एकदम.

कारकुनाने पेनाचं टोपण लावलं. तेव्हा बायांमधून एकजण उठली. पंचेचाळिशीची, डोक्यावरून पदर. देवराव "इंदे" म्हणून पुटपुटला, पण तिने तिकडे पाहिलं नाही.

"माह्या वावरात मारून राह्यला होता तो," इंदूबाई म्हणाली. "सकायपासून. मी पानी नेऊन देलं. तोंडाले दुपट्टा बांधला होता त्यानं, तो वला होऊन गेलता. त्याले म्हनलं, भाऊ, दुपारचं नोको मारू, तं म्हने, कपाशीची एवढी तास होऊ दे. मंग पंपाचा आवाज बंद झाला. मी गेली तं धुऱ्यापाशी, बांधावर बसला होता, डोये चोळत." ती थांबली. "सीतादही कराले गेली मी, अन् दही तसंच वापस आनलं. जिथं दही शिंपडाचं, तिथंच तो बसला होता. कसं शिंपडू?"

देवराव दोन्ही हातांत डोकं धरून बसला. थोड्या वेळाने तो उभा राहिला आणि म्हणाला, "बरोबर सांगून राह्यली ते. मी भेलो होतो साहेब." मग ज्याचा पंप होता तो उठला. मग त्या दिवशी शेजारच्या वावरात असलेल्या दोघी. ज्यांनी पाहिलं नव्हतं ते बसूनच राहिले, आसिफसुद्धा. त्याने खालचा ओठ दाताखाली धरला होता.

साहेबांनी सगळं लिहून घेतलं. घ्यावंच लागलं. शेवटी कारकुनाने निष्कर्ष लिहिला आणि सहीसाठी कागद नजमापुढे सरकवला. हाफीजजींनी चष्मा लावून मोठ्याने वाचला: 'मयताने निष्काळजीपणे औषध फवारणी केल्याने विषबाधा होऊन मृत्यू.'

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. एक खोटं काढलं आणि त्याच्या जागी दुसरं बसवलं! ज्याने जहाल बाटल्या विकल्या त्याचा निष्काळजीपणा नाही, ज्याने दवाखान्यात विचारलं नाही त्याचा नाही, दुपट्टा बांधून मेला त्याचा मात्र आहे. पण बापूजींची काठी होती, मी ओठ घट्ट मिटून घेतले.

"निष्काळजीपणे म्हंजे काय?" नजमाने विचारलं.

"म्हंजे त्यानं सोताच ध्यान नाही देलं," हाफीजजी म्हणाले.

"कोनता शब्द? कुठून कुठवर?"

त्यांनी बोटाने दाखवला. नजमाने सहीसाठी दिलेलं पेन घेतलं, त्या शब्दावर सावकाश आडवी रेघ मारली आणि समासात एक गोल, मोठी, शेपटीवाली जिलबी काढली. मग कागद उलटा फिरवून साहेबांपुढे ठेवला.

"अहो बाई! सरकारी कागद आहे हा! ही काय खूण?"

"हा शब्द काहाडा म्हनून," नजमा म्हणाली.

साहेबांनी समोर पाहिलं. लिंबाखालचं एकही माणूस हललं नव्हतं. दुपार टळत होती. वेचणी एक दिवस सोडलीच होती, आणखी बसायला कोणाची हरकत दिसत नव्हती. शेवटी त्यांनी कारकुनाला कोरा कागद घ्यायला सांगितलं आणि त्रासून म्हणाले, "सांगा. तुम्हीच सांगा, काय लिहायचं. औषध फवारताना?"

"औषध नोका लिवू साहेब," नजमा म्हणाली. "औषध तं त्यानं घेतलं होतं. गोळ्या, मेडिकलमधल्या, माह्या हातानं देल्या. मी हो म्हनली ते खरंच म्हनली." तिने पेन कारकुनाच्या हातात परत दिलं. "वावरात मारत होता ते जहर होतं. जहर लिवा."